सुनेच्या टाकीतलं शेवाळ

शेवाळ काढायचं कसं, हे मला माझ्या सुनेनं शिकवलं. ते वाढवायचं कसं, हे मात्र मी माझं मीच शिकले, आणि त्यात तिच्यापेक्षा हुशार निघाले.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि मी बावन्न वर्षांची होते. आता सत्तरी उलटल्यावर त्या बाईकडे मागं वळून पाहते, तेव्हा तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवावंसं वाटतं. मराठी शाळेतली मास्तरीण. स्टार्च केलेली कॉटनची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये लाल पेन. बाप भीमपूरच्या शेतांत दुसऱ्याचा कापूस वेचून म्हातारा झालेला, आणि ही पोरगी शिकून खुर्चीवर बसलेली. त्यामुळं आपल्याला जगातलं सगळं कळतं असा तिचा पक्का समज. जयंतीच्या दिवशी विहारासमोरच्या मांडवात माईक एकदा हातात आला की खाली ठेवायची नाही. विषय ठरलेले. मुलींचं शिक्षण, हुंडा, आणि विधवांचं दुसरं लग्न. ‘बाईचं आयुष्य नवऱ्याबरोबर जळत नाही’ हे वाक्य आलं की आवाज असा चढवायची की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायच्या. टाळ्या व्हायच्या. घरी येऊन ती नवऱ्याला विचारायची, “कसं झालं?” नवरा तहसीलमध्ये कारकून होता. तो म्हणायचा, “मजमून बरा होता. थोडा लांबला.”

आमचा मुलगा बँकेत लागला तो पार विशाखापट्टणमला. चार वर्षं तिथं राहिला आणि तिथल्याच एका तेलुगू मुलीशी त्यानं लग्न केलं. तिच्या माहेरच्या मागच्या दारातून समुद्र ऐकू यायचा म्हणे. मी रोज फोनवर रडायची. बदली माग, घरी ये, आई-बाप म्हातारे झाले. म्हातारे! मी तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते. शेवटी त्यानं बदली मागून घेतली आणि बायकोला घेऊन आदिलाबादला आला.

सून गुणाची होती. वर्षभरात आमच्यासारखी बोलायला शिकली, फक्त मला ‘अत्तय्या’ म्हणायचं तिनं सोडलं नाही. तिच्याकडे सासूला तसंच म्हणतात. पण संध्याकाळ झाली की गच्चीवर जाऊन उभी राहायची आणि कापसाच्या रानांकडे बघत बसायची. मुलाला ते दिसलं. त्यानं बैठकीत चार फुटांची काचेची टाकी आणली आणि तिच्यात समुद्र करायचा ठरवलं.

शोभेचे मासे ठेवणारे आमच्याकडे दोन-चार लोक होते, पण ते गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्याची टाकी आख्ख्या जिल्ह्यात आमची एकटीच असावी. खास मिठाची पाकिटं हैदराबादहून बसच्या पार्सलनं यायची. ते मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात बादलीत कालवायचं, काचेची एक तरंगती नळी त्यात सोडून खारटपणा बघायचा, मग टाकीत. समुद्रातले भोकाभोकांचे दगड, पाच गोगलगायी, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक मोठा, एक लहान. वीज गेली तर टाकीचे पंप बंद पडू नयेत म्हणून मुलानं इन्व्हर्टर घेतला. मे महिन्यात आम्ही घामानं निथळायचो आणि मासे मजेत असायचे. नवरा रोज सकाळी हात मागं बांधून टाकीसमोर उभा राहायचा. त्याला तो ‘मुआयना’ म्हणायचा. “दोन्ही हजर हायत,” एवढं सांगून पेपर वाचायला चौकात जायचा.

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. पावसाळा संपता संपता मुलाला ताप आला. आमच्या भागातला ताप. मेंदूत गेला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. त्या पाच दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तो समुद्राकाठी राहिला असता तर हा डास त्याला चावला नसता, आणि त्याला इकडं कोणी आणलं होतं हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. तिघांपैकी कोणीच ते कधी बोललं नाही.

जलदान विधी झाला, तरी माणसं यायची थांबली नाहीत. बैठकीत येऊन बसायची. काय बोलावं कळायचं नाही, आमच्या तोंडाकडे बघवायचं नाही, मग टाकीकडे बघायची. माशांच्या खाण्याचा डबा तिथंच शेजारी असायचा. कोणीतरी उठून चिमूटभर खाणं टाकायचं. मासे वर यायचे. मग पोरं टाकायची, मग बाया. “खाऊन राह्यले बिचारे,” असं म्हणून पुढची टाकायची. दुःखाच्या घरात हाताला काहीतरी काम लागतं. कोणी भाकरी करून आणतं, कोणी पाणी भरतं. आमच्या घरात त्या पंधरा दिवसांत जो आला त्यानं माशांना जेवू घातलं. टाकीचा दिवाही रात्रंदिवस जळत राहिला, कारण तो बंद करायचं काम ज्याचं होतं तो नव्हता.

आधी काचेवर तपकिरी भुकटी बसली. मग दगडांवर हिरवे केस उगवले. बोटभर लांब, पाण्यात हलणारे. मग वाळूवर जांभळट लाल साय धरली. माणसं यायची बंद झाली तेव्हा टाकीत बघितलं तर मासे दिसत नव्हते.

सुनेनं एके दिवशी साडीचा पदर खोचला, जुना दातांचा ब्रश घेतला आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला. ती रडायची थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“अत्तय्या, हा रोग नाही,” ती मला म्हणाली. “हे जास्तीचं जेवण आहे. माशांनी खाल्लं नाही ते कुजतं, त्याच्यावर हे वाढतं. औषध नाही टाकायचं. जेवण कमी, उजेड कमी, पाणी बदलायचं. आणि धीर धरायचा.”

मी मास्तरीण असून शेजारी पाटावर बसले आणि तिची विद्यार्थिनी झाले. दर रविवारी ती दगड एकेक करून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात काढायची. शेवाळाची मुळं चिमटीनं उपटायची, मग ब्रश. लाल साय नळीनं ओढून घ्यायची. मी बादल्या रिकाम्या करायची. आणि तिचा हात चालू असला की तिचं तोंडही उघडायचं. एरवी दिवसभर गप्प असायची. दगड घासतानाच ती माझ्या मुलाबद्दल बोलायची.

“तुमाले माहीत आहे, तो समुद्राला भ्यायचा?”

“कोन? माहा पोरगा?”

“हो. चप्पल हातात घेऊन लांब उभा राहायचा. माझ्या आईला सांगितलं, मले पोहता येतं. एकदा गुडघ्याएवढ्या पाण्यात पडला तर मलाच ओरडून राह्यला, पकड, पकड!”

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला वाटलं, बावीस-तेवीस वर्षांचा झाल्यापासूनचा माझा मुलगा मला ठाऊकच नाही. तो सगळा हिच्याकडे आहे. आणि ही रविवारी थोडा थोडा काढून देते.

थंडीत तिचे वडील आले. शांत माणूस. आमच्याशी हिंदीत बोलायचे. जेवण झाल्यावर त्यांनी हात जोडले. “बहनजी, बच्ची अभी छब्बीस की है. वहाँ स्कूल में जगह है. ले जाने की इजाज़त दीजिए.”

मी काही म्हणायच्या आत सूनच आतून आली. तेलुगूत काहीतरी भराभर बोलली. वडील मान हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी सांगितलं, टाकी साफ झाली की येते. अशी घाण टाकी तुमच्यावर टाकून कशी जाऊ? त्याने केलेली आहे. एकदा स्वच्छ करते, तुमाले शिकवते, मग जाते.”

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मला जरा जास्तच पटलं.

वडील रात्रीच्या बसनं एकटेच परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. ती साडेआठला निघून गेली. एका खासगी शाळेत शिकवायला जायची. नवरा चौकात पेपर वाचायला. माझी शाळा साडेनऊची. एक तास घरात मी आणि टाकी. मी पीठभरले हात धुतले, बैठकीत गेले आणि डब्यातलं खाणं चिमूटभर टाकलं. मासे आले, त्यांनी खाल्लं. मी अजून एक चिमूट टाकली. ती त्यांनी खाल्ली नाही. दाणे हळूहळू दगडांमागं जाऊन बसले. मग मी पूर्वेच्या खिडकीचा पडदा बाजूला केला आणि ऊन टाकीवर पडू दिलं. शाळेत निघताना पडदा जसा होता तसा लावला.

अशी ती विद्वान बाई. जयंतीची वक्त्री. चोरून मासळीच्या भुकटीचा डबा उघडायची आणि बोटं पदराला पुसायची.

आठवडाभरात शेवाळ पुन्हा आलं. सुनेला काही कळेना. तिनं दिवा सहा तासांवर आणला. रविवारी पाणी बदलायची ते बुधवारीही बदलायला लागली. हैदराबादहून आणखी गोगलगायी मागवल्या. पाण्याची तपासणी करायचे थेंब मागवले. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची आणि रंग बघायची. फिक्का आला तर चांगलं, गर्द लाल आला तर वाईट. दर वेळी लालच यायचा. ती वहीत लिहून ठेवायची, कपाळाला आठ्या घालून, जशी मी नापास पोरांचे पेपर तपासायची.

“अवं, हे शेवाळ लयच चिवट हाय,” नवरा मुआयना करताना म्हणाला. “सारी बस्ती याचीच होऊन राह्यली.”

“थंडी हाय ना,” मी म्हटलं. शेवाळाचा आणि थंडीचा काय संबंध, ते मलाही माहीत नव्हतं.

खाऱ्या पाण्यात सारखे हात घालून सुनेची बोटं फुटली. नखांच्या कडेला चिरा पडल्या. संध्याकाळी मी तिला समोर बसवून खोबरेल तेल लावायची, एकेक बोट चोळायची. ती डोळे मिटून घ्यायची. मला तिची फार दया यायची. अगदी खरी यायची. आणि सकाळी साडेआठला मी पुन्हा डबा उघडायची. हे दोन्ही हात एकाच बाईचे कसे होते, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण होते. त्या वेळी मला त्यात काही विचित्रही वाटलं नाही.

रविवार तेवढे सोन्यासारखे गेले. माझा मुलगा मासे खाताना काटे तिच्याकडून काढून घ्यायचा म्हणे. पहिल्या पगारात त्यानं माझ्यासाठी साडी घेतली होती, पण रंग मला आवडणार नाही या भीतीनं शेवटपर्यंत कपाटात दडवून ठेवली होती. ती तिनं आणून दाखवली. हिरवीगार. मला खरोखरच आवडली नसती. मी ती मांडीवर घेऊन बसून राहिले आणि ती दगड घासत राहिली.

होळीच्या सुमारास तिला संशय आला. माझा नाही. खाण्याचा. तिला वाटलं, त्या डब्यातलं खाणंच खराब असेल, म्हणून तिनं डबा उचलून आपल्या कपाटात ठेवला आणि मोजून दाणे टाकायला लागली. खिडकीच्या काचेला आतून काळा कागद चिकटवला. आणि मग, महिन्याभरात, टाकी साफ व्हायला लागली. हिरवे केस पिवळे पडले, तुटले. गोगलगायींनी काच चाटून काढली. नळीतला रंग गुलाबी आला, मग त्याहून फिक्का. मोठा मासा दगडाच्या खोबणीतून बाहेर आला तेव्हा तिनं टाळी वाजवली.

“अत्तय्या, बघा! आता होते साफ.”

“हो वं बाई,” मी म्हटलं. “झालीच म्हन.”

वडिलांचा फोन आला. जयंतीनंतरच्या आठवड्यात येतो. शाळेतली जागा अजून आहे. आणि एक स्थळही बघून ठेवलंय, घाई नाही, मुलीनं आधी बघावं. हे सगळं सुनेनंच मला सांगितलं, मान खाली घालून, नखानं फरशी खरवडत.

त्या वर्षीही मांडवात माईक माझ्या हातात आला. मला नाही म्हणता आलं असतं. घरात मृत्यू झालेला, कोणी आग्रह धरला नसता. पण मी बोलले. तोच विषय, तेच वाक्य, तोच चढता आवाज. सून तिसऱ्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. सगळ्या बाया वळून तिच्याकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे, की काय सासू आहे. टाळ्या त्या वर्षीही झाल्या. जास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी परसात गेले. वांगी आणि मिरची लावलेली होती, त्यांच्यासाठी भावानं भीमपूरहून युरियाचं अर्धं पोतं आणून ठेवलं होतं. आमच्या भागात पीक पिवळं पडलं, वाढ थांबली, की त्याला एकच उपाय. मूठभर युरिया, आणि चार दिवसांत रान हिरवं. लहानपणापासून हेच बघत आलेली. शेवाळ म्हणजे तरी काय, हिरवंच ना? मी अर्धी मूठ घेतली, तांब्यातल्या पाण्यात विरघळवली आणि टाकीच्या मागच्या बाजूला, दगडाआड, सावकाश ओतली. ते पाणी हाताला गार लागतं. ते मला अजून आठवतं.

शेवाळ आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा आवाज आला.

“अवं, इकडं या दोघीजनी. हे काय होऊन राह्यलं?”

गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या. दोन्ही मासे वर पाण्याला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. सुनेनं नळीत थेंब टाकले आणि तिचा चेहराच बदलला. मग बादल्या. तिनं शाळेला सुट्टी टाकली, मीही टाकली. होतं नव्हतं तेवढं शुद्ध पाणी, होतं नव्हतं तेवढं मीठ. ती कालवायची, मी ओतायची, नवरा बाहेर नेऊन फेकायचा. दुपार झाली तोवर लहान मासा जरा खाली गेला. मोठा आडवा झाला. तिनं तो ओंजळीत धरला आणि पंपाच्या तोंडाशी, जिथून हवा यायची तिथं, किती तरी वेळ धरून ठेवला. मग हात बाहेर काढला.

ती जमिनीवर बसली. ओले हात मांडीत. मासा तिनं वाटीत ठेवला होता.

“अत्तय्या,” ती म्हणाली, “माझ्या हातात काहीच जगत नाही.”

“असं काऊन म्हनतेस?”

“खरं आहे. त्याला ताप आला तेव्हा मीच होते ना जवळ? पहिले दोन दिवस मीच म्हणत राह्यली, साधा ताप आहे, उतरेल. पट्ट्या ठेवत राह्यली. मी तेव्हाच उठून नेलं असतं तर…” तिनं हात वर करून बघितले, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. “हे पण सहा महिने करून राह्यली मी. सगळं बरोबर केलं. तरी मेलं. माझ्याच हातात काहीतरी आहे.”

मी भित्री बाई आहे. माईकसमोर धीट, बाकी सगळीकडे भित्री. ती फक्त रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, तेल लावलं असतं, आणि गप्प बसले असते. पण ती रडत नव्हती. तिला ते पटलं होतं. पुढं ती जिथं जाईल तिथं, ज्या लेकराला हात लावील तिथं, हेच घेऊन जाईल, हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

“तुह्या हातात काई नाई,” मी म्हटलं. “युरिया होता तो.”

“काय?”

“पाण्यात युरिया होता. मी टाकला.”

नवरा रिकामी बादली घेऊन दारात उभा होता. त्यानं बादली खाली ठेवली.

“आन् त्याच्या आधी खानं पन मीच टाकत होती. रोज. तू गेल्यावर. खिडकी उघडत होती.”

तिनं विचारलं, आमच्याकडूनच शिकलेल्या शब्दानं विचारलं, “काऊन?”

“टाकी साफ झाली असती तं तू गेली असती.”

नवरा म्हणाला, “असं कोनी करते का वं?” एवढंच म्हणाला. तीस वर्षांत त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं.

ती उठली. हात धुतले. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसले होते. मला वाटलं, आता आतून ओरडणं ऐकू येईल, भांडं फेकेल, बॅग भरेल. काही नाही. मी आणि नवऱ्यानं मासा वांग्याच्या वाफ्यात पुरला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. तिनं माझ्यासमोर ब्रश, नळी आणि बादली ठेवली.

“आता तुमी,” ती म्हणाली.

“मी?”

“लहान मासा जगला आहे. मी जाईन तर कोण बघणार? नीट शिका. उद्यापासून मी हात लावणार नाही.”

वडिलांना तिनं तीन आठवड्यांनी या म्हणून कळवलं. तीन आठवडे मी टाकीत हात घालत होते आणि ती पाटावर बसून बघत होती. “असं नाही. मुळासकट. वरवर काढाल तर परत येईल.” “वद्दु, वद्दु, नको, आधी पंप बंद करा!” “किती दाणे टाकले? परत मोजा.” मी इतकी कडक मास्तरीण कधीच नव्हते. मी मुकाट्यानं शिकत गेले. माझीही बोटं फुटली. तिनं तेल लावलं नाही, मीही मागितलं नाही.

आणि त्या तीन आठवड्यांत, दगड घासताना, ती त्याच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मी एकदा विषय काढला. “तो लहान होता तवा नदीले पन भ्यायचा,” असं काहीतरी म्हटलं. ती म्हणाली, “तो कोपरा राहिला आहे.” मी तो कोपरा घासला. माझा मुलगा जेवढा मला मिळायचा होता तेवढा मिळून संपला होता, हे मला त्या वेळी कळलं.

टाकी अशी स्वच्छ झाली की काच आहे की नाही कळेना. एकटा लहान मासा आरपार दिसायचा.

बसस्टँडवर तिचे वडील तिकीट काढायला गेले. नेरडीगोंड्याकडून आलेली बस रिकामी होत होती, धूळ उडत होती, शेंगदाणेवाले खिडक्यांना लोंबकळत होते. नवऱ्यानं तिच्या हातात लिंबाच्या गोळ्या दिल्या. घाटात तिला मळमळायचं. मला तिला सांगायचं होतं की जा बाई, सुखानं जा. एवढी भाषणं ठोकलेली बाई मी. दोन शब्द निघेनात.

तीच म्हणाली, “अत्तय्या, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडेल. कमी झालं तर गोडं पाणी टाका. खारं नाही. मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहतं.”

“बरं,” मी म्हटलं.

“विसराल.”

“नाई विसरनार.”

ती वाकली नाही, गळ्यात पडली नाही. माझं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडून बसमध्ये चढली. बस निघाली तेव्हा मी “जा” म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. तिनं माझ्या नवऱ्याला फोन केला, माझ्याशीही बोलली, दोघांनी या म्हणाली. मी ताप आल्याचं सांगितलं. खोटं होतं. नवऱ्याला मी तिच्यासाठी नवी साडी आणि पाकीट देऊन एकट्याला पाठवलं. चार दिवस मी टाकी सांभाळली, दाणे मोजले, शाळेत गेले, मुलांवर विनाकारण ओरडले.

तो परत आला तो दुपारचा. मी पाणी दिलं आणि समोर बसले.

“झालं?”

“झालं. बंदोबस्त चांगला होता. जेवन केळीच्या पानावर.”

“जेवन ऱ्हाऊ द्या. पोरगा कसा हाय?”

“बरा वाटला. मास्तर हाय. कमी बोलते.”

“आन् ती?”

त्यानं चष्मा काढून पुसला. “हसत होती,” तो म्हणाला. “फोटो काढताना नाई म्हनत मी. तशीच. पोरगा काईतरी म्हनला आन् हसली.”

“परत सांगा.”

“काय परत सांगू? हसत होती म्हनलं ना.”

मी आत जाऊन ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिले. बाहेर आले तेव्हा त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून जमिनीवर ठेवला होता. “हा तुह्यासाठी हाय. तिनं सोता भरून देल्ला. लग्नाच्या गर्दीत आत जाऊन भरून आनला. मले म्हने वाटेत उघडायचा नाई.”

चिंचेचा भात होता. त्यांच्याकडे प्रवासाला हाच देतात. दीड दिवसानंतरही आंबलेला नव्हता. मी तिथंच फतकल मारून बसले आणि डब्यातूनच हातानं खायला लागले. नवरा वाटी घेऊन येऊन बसला आणि बघत राहिला. मी त्याला एक घास दिला नाही. फार तिखट होता. नाक वाहत होतं, ते पदरानं पुसत पुसत मी सगळा संपवला.